गाडीचे पासिंग होते, चालकाचे शिक्षण कधी?

जावळी तालुक्यातील शेतकरी डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जात होता, ते दिवस गेले. आज मेढ्यात भल्या पहाटे रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर आपला सगळा शेतीव्यवसाय चाकांवर चाललेला दिसतो. केळघर, कुसुंबी, करहर, कुडाळ या बाजूंनी दुधाचे टेम्पो धावतात. थंडी पडली की स्ट्रॉबेरीच्या पिकअप रात्रीच पुण्या-मुंबईच्या वाटेला लागतात. गळीत हंगाम सुरू झाला की सोनगाव, भुईंज, शेंद्रे या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. उलट्या बाजूने खताच्या, पेंडीच्या, गॅसच्या गाड्या वर येतात. आता तर शहरातून मागवलेले कपडे आणि मोबाईल घरपोच देणारी पोरेही दुचाकीवर मोठाले झोळे अडकवून वाड्या-वस्त्यांवर फिरू लागली आहेत.

माझा संबंध बियाणे, खते, औषधे आणि पीक प्रात्यक्षिके यांच्याशी. मग हा माणूस गाड्यांवर कशाला लिहितो, असे कोणी म्हणेल. कारण साधे आहे. शेतात पिकवलेला माल जागेवर पोचेपर्यंत शेतकऱ्याचे काम संपत नाही, आणि तो पोचवणारा चालक बहुतेक वेळा शेतकऱ्याचाच पोरगा असतो. दीड एकर जमिनीवर भागत नाही म्हणून बँकेचे कर्ज काढून पिकअप घेतलेली असते. फवारणी कशी करावी, माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा, यावर आम्ही सभा घेतो, भित्तिपत्रके लावतो. पण दीड टन माल भरून अंधारात घाट कसा उतरावा, हे त्या पोराला कोणीही बसून शिकवलेले नसते.

तो शिकतो कसा? आधी कोणाच्या तरी गाडीवर किन्नर म्हणून जातो. दोन वर्षे चाके पुसतो, ताडपत्री बांधतो, मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करतो. एखाद्या रात्री उस्तादाला झोप येते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात येते. पुढे लायसन निघते आणि पोरगा ड्रायव्हर झाला. अशी शिकलेली पोरे हुशार असतात, यात वाद नाही. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतील. पण उस्तादाच्या चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही तशाच उचलल्या जातात, आणि त्या वाईट आहेत हे सांगणारे वाटेत कोणी भेटत नाही.

याच केळघर घाटातून मेढा आगाराची एस.टी.ही जाते. एस.टी.चा चालक चाचणी देऊन आणि प्रशिक्षण घेऊनच गाडीवर बसतो. पुढेही महामंडळाची सुरक्षितता मोहीम असते, चालकाची गफलत झाली तर त्याची चौकशी होते. एस.टी.त प्रवासी असतात म्हणून तिथे अधिक काळजी, हे मान्य. पण समोरून येणाऱ्या टेम्पोचा ब्रेक लागला नाही, तर एस.टी.च्या चालकाचे प्रशिक्षण त्या प्रवाशांना किती वाचवणार? एकाच घाटातल्या दोन गाड्यांपैकी एकीचा चालक शिकवलेला आणि दुसरीचा देवाच्या भरवशावर, अशी आपली आजची स्थिती आहे.

कायदा काय म्हणतो तेही बघा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पेट्रोल, गॅस, रसायने यांसारखा धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी उजळणीही करावी लागते. ही चांगली तरतूद आहे. दूध, भाजी, ऊस, खत या मालाला मात्र अशी अट नाही. पूर्वी मालवाहू गाडीसाठी वेगळा परवाना काढावा लागे आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीस दिवसांचा पाठ होता. तो कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायम केला. त्यानुसार ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. गरीब चालकाच्या पोटाच्या दृष्टीने हा निकाल योग्यच झाला. परवान्यावर एक शिक्का नाही म्हणून विमा कंपन्या भरपाई नाकारत होत्या, ते थांबले. मालवाहू गाडीच्या चालकाला असलेली आठवी पासची अटही २०१९ साली गेली. तीही गेली ते बरे झाले, कारण सातवीत शाळा सुटलेल्याला गाडी येत नाही असे थोडेच आहे! परंतु एकेक दरवाजा मोकळा होत असताना त्या जागी शिक्षणाचा उंबरठा घालायला हवा होता. तो कोणी घातला नाही. गाडीचे पासिंग ठरल्या वेळी होते, चालकाचे कधीच होत नाही.

गेल्या हंगामात एका गावात स्ट्रॉबेरी उत्पादकांच्या बैठकीला बारा-चौदा चालकही येऊन बसले होते. रोगराईचा विषय संपल्यावर मी सहज विचारले, घाट उतरताना गाडी कितव्या गिअरमध्ये ठेवता? एक म्हणाला तिसऱ्या, एक म्हणाला चौथ्या. मागे बसलेला एकजण हसत म्हणाला, "साहेब, उताराला गिअर कशाला? डिझेल वाचतंय की." त्यावर बाकीचेही हसले. त्या हसण्यावरून कळले की ही एकट्याची सवय नव्हे.

ही डिझेल वाचवण्याची गोष्ट जरा नीट समजून घेतली पाहिजे. गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा अटकाव संपतो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. उतारभर पाय ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात आणि लायनिंगची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुने असेल, त्याने दमट हवेतले पाणी ओढलेले असेल, तर ते तापून उकळते, नळीत वाफ धरते आणि पेडल पायाखाली मऊ होऊन थेट फळीला टेकते. कोणी त्यापुढे जाऊन चावीच बंद करतो. छोट्या मालवाहू गाड्यांच्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असते आणि ती इंजिन चालू असेपर्यंतच मिळते. इंजिन बंद केल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की ती संपली. मग दोन्ही पायांनी रेटले तरी भरलेली गाडी लवकर थांबत नाही. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. वाचलेले डिझेल फार तर चहापाण्याच्या पैशाएवढे, आणि पणाला काय लावले ते बघा. म्हणून जुने चालक सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. उताराच्या आधी थांबून गिअर धरायचा, मध्यावर नव्हे. ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, धरून ठेवायचा नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण भरल्या गाडीला चढावर थांबून पुन्हा उचलणे अवघड जाते. हे सगळे शिकवायला अर्धा तास पुरतो. पण तो अर्धा तास कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

आपला मुलुखही साधा नाही. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, आणि तिथून उतरणारे केळघर, पसरणी, आंबेनळी हे तिन्ही घाट वळणाचे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तेव्हा या भागातल्या रस्त्यांची काय दशा झाली हे सर्वांनी पाहिले. आमच्या कृषी क्षेत्राला तर २८ जुलै २०१८ हा दिवस विसरता येणार नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस त्या दिवशी आंबेनळी घाटात कोसळली आणि तीस जण गेले. ती मालगाडी नव्हती, तो विषय वेगळा. पण या डोंगरात पावसाळ्यात गाडी चालवणे म्हणजे काय, हे त्यातून कळते.

आता ट्रॅक्टरकडे वळू. ट्रॅक्टर हे शेतात चालवण्याचे यंत्र आहे. आपण त्याला रस्त्यावरचा ट्रक केला आहे. मागे एक सोडून दोन ट्रॉल्या, त्यावर बाजूंनी लोंबणाऱ्या उसाच्या मोळ्या, पाठीमागे दिवा नाही आणि पुढे टेपवर कान फाटतील एवढी गाणी! मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी चालकाला ऐकू जायचा नाही. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो किंवा असला तरी तो जोडलेला नसतो. उतारावर मागचे सगळे वजन ट्रॅक्टरला ढकलते. अशा वेळी एकदम ब्रेक मारला की ट्रॉली बाजूला फिरते आणि ट्रॅक्टरला आडवा घेऊन पालथी पडते.

त्यात ट्रॅक्टरचे ब्रेक डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळे असतात. शेतात सरीच्या टोकाला वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबावा लागतो, म्हणून ती सोय. रस्त्यावर येताना मात्र दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडायची असतात. ही पट्टी प्रत्येक ट्रॅक्टरला कंपनीकडूनच येते. किती जण ती लावतात, ते गावात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे जाऊन स्वतः बघावे. वेगात असताना पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला वळतो. तसेच ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. वर कुठे तरी साखळी बांधून ओढले, तर चढावर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येतो. हुकाच्या पिनला खालून लॉक हवे, आणि शिवाय एक जादा साखळी हवी. पिन निसटून ट्रॉली सुटल्याच्या घटना कोणाच्या ऐकिवात नाहीत?

रात्री बंद पडलेली ट्रॉली हा तर दुचाकीवाल्यांचा काळच. पंक्चर झाले की चालक चाकाखाली दगड लावतो, मागे झाडाची फांदी टाकतो आणि टायर घेऊन निघून जातो. दुसऱ्या दिवशी ट्रॉली जाते, दगड मात्र रस्त्यातच राहतात. प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि कारखाने हंगामात रिफ्लेक्टर लावून देतात, ते काम चांगले आहे. परंतु पहिल्याच चिखलाच्या फडातून ट्रॉली बाहेर आली की त्यावर मातीचा लेप बसतो. रिफ्लेक्टर पुसायचा असतो, हे चालकाला सांगणे हा प्रशिक्षणाचाच भाग झाला.

आणि इथे आमच्या खात्याकडेही बोट दाखवले पाहिजे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून ट्रॅक्टर, ट्रॉली, अवजारे यांना अनुदान मिळते. अर्जाबरोबर सात-बारा, आठ-अ, कोटेशन, बँक पासबुक हे सर्व बघितले जाते. चालवणारा कोण आणि त्याला काय येते, असा प्रश्न मी तरी कोणत्या फाईलमध्ये पाहिलेला नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर राज्यभर गावोगाव फवारणीच्या सुरक्षिततेचे वर्ग झाले, मास्क आणि हातमोजे यांची चर्चा झाली. म्हणजे मनात आले तर खात्याला हे जमते. त्यासाठी आधी एवढी माणसे जावी लागतात, हे मात्र दुःखाचे आहे.

औषधांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे कीटकनाशके अन्नपदार्थ किंवा पशुखाद्य यांना लागून नेता येत नाहीत. आपल्याकडे परतीच्या खेपेला एकाच हौद्यात पेंडीची पोती, औषधाचे खोके आणि वर कोणाच्या तरी किराणा मालाची पिशवी असते. खोका फुटला तर चालक काय करतो? पाण्याने हौदा धुतो, तेही उघड्या हाताने, आणि बऱ्याचदा ओढ्याच्या कडेला. माती किंवा लाकडाचा भुसा टाकून आधी सांडलेले औषध शोषून घ्यावे, हातमोजे घालावेत, ओढ्या-विहिरीपासून लांब जावे, एवढी माहिती त्याला कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराने द्यावी. माल चढवताना दोन मिनिटे बोलायला काही खर्च येत नाही.

चालकाची पाठ ही अशीच दुर्लक्षित गोष्ट. चाळीस लिटरचा भरलेला दुधाचा कॅन पन्नास किलोच्या घरात जातो. युरियाची गोणी २०१८ पासून पंचेचाळीस किलोची झाली, तरी डीएपीची पन्नासचीच आहे. खेड्यात चालकच हमाल असतो. कंबरेत वाकून कॅन उचलतो, ओल्या फळीवरून घसरतो, आणि पस्तिशीत कंबरेला पट्टा बांधून फिरतो. आपल्या जावळी-पाटणची कितीतरी माणसे मुंबईला माथाडी म्हणून गेली. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना मंडळ मिळाले, संघटना मिळाली. तोच माल गावात गाडीवर चढवणारा त्यांचा धाकटा भाऊ मात्र कशातच मोडत नाही. गुडघे वाकवून, वजन अंगाशी धरून उचलावे, हौद्याच्या उंचीचा एक साधा ओटा संकलन केंद्राने बांधावा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. ओट्याला एका पंधरवड्याच्या दुधापेक्षा जास्त पैसे लागणार नाहीत, असा माझा अंदाज.

आता कामाच्या तासांबद्दल. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास असे बांधून दिले होते, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच तो लागू होता, त्यामुळे एक गाडी, एक मालक आणि एक चालक अशा खेड्यातल्या धंद्याला तो त्या काळीही शिवला नाही. आपल्या चालकाला पैसे मिळतात ते खेपेवर. खेप जास्त तर पैसा जास्त, झोप तेवढी कमी. दिवसभर तोड गोळा करायची, संध्याकाळी माल भरायचा, रात्री खंबाटकी ओलांडायची, पहाटे वाशीला माल टाकायचा आणि उजाडताच परत फिरायचे. पहाटे तीन ते पाच ही वेळ झोपेची असते. त्या वेळी तंबाखूची चिमूट आणि चहा यांनी डोळे उघडे राहतील, पण डोके जागे राहत नाही.

शेतकरी बंधूंनो, इथे दोष आपल्याकडेही येतो, आणि तो स्पष्टच बोललेला बरा. दर पडेल या भीतीने आपण चालकाला दर अर्ध्या तासाला फोन करतो. "कुठवर आलास? अजून शिरवळच? दुसऱ्याची गाडी पोचली पण!" तो फोन घेतो एका हाताने, आणि दुसऱ्या हाताने गाडी चालवतो. घाईत चार-दोन क्रेट जास्त चढवा म्हणून आग्रह धरणारेही आपणच. स्ट्रॉबेरी नाशिवंत आहे हे खरे. म्हणून तोड एक तास आधी उरकून माल सावलीत थंड करून वेळेत भरावा. शेतात वाया घालवलेला तास चालकाने रस्त्यावर भरून काढावा, ही अपेक्षा धरू नये. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली, आणि त्यातल्या सर्वाधिक मृत्यूंचे कारण सरकारी अहवालात अतिवेग हेच दिले आहे. वेग काही चालकाच्या डोक्यात आपोआप शिरत नाही.

मालाच्या गाडीत माणसे भरणे हाही आपल्याकडचा जुना रिवाज. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची मंडळी, टोळीचे मजूर, सगळे हौद्यात. १० एप्रिल २०१८ रोजी पहाटे खंडाळ्याजवळ, खंबाटकी बोगद्यापुढच्या वळणावर विजापूर भागातल्या मजुरांना घेऊन निघालेला टेम्पो उलटला आणि अठरा जण मेले. पोटासाठी निघालेली माणसे होती ती. अशा वेळी विम्याचे काय होते, हे सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी लोकांना समजावून सांगण्यासारखे आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीत बसलेल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण आहे. म्हणजे स्वतःच्या भाजीबरोबर बसून गेलेल्या शेतकऱ्याला आहे. फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या इतरांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, आणि मग भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या घरादारावर येतो. एका खेपेत चार माणसे बसवून मिळालेले दोनशे रुपये किती महागात पडतात, याचा हिशेब करावा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे येतात. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५, अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. अर्ज तीस दिवसांच्या आत द्यावा. पण मृत व्यक्ती स्वतः वाहन चालवत असेल तर तिचा वैध परवाना जोडावा लागतो, आणि नशेत वाहन चालवताना झालेला अपघात योजनेत बसत नाही. घरातला कर्ता गेलेला, त्याची बायको लहान पोर कडेवर घेऊन कार्यालयात आलेली, आणि परवान्याची मुदत आधीच संपलेली, अशा वेळी टेबलाच्या अलीकडच्या माणसाने काय बोलावे? नियम नियमाच्या जागी बरोबर असतो. परवान्याचे नूतनीकरण आता घरबसल्या अर्ज करून सुरू होते. तेवढे काम प्रत्येकाने या आठवड्यात तपासावे.

अपघात झाल्यावर काय करावे हेही शिकवायला हवे. आपले चालक बहुधा जमावाच्या भीतीने पळून जातात. पळून जाऊन गुन्हा वाढतो. जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हावे, किमान १०८ आणि ११२ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चकरा माराव्या लागतील ही भीतीही जुनी झाली. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोख पैसे न भरता उपचारांची योजना आहे. तीत नेमलेल्या रुग्णालयात अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार होतो. ही माहिती टेम्पोच्या टपावर "आई-वडिलांचा आशीर्वाद" लिहितो, त्याच्या शेजारी लिहून ठेवावी.

प्रशिक्षण म्हटले की लोकांना मोठी इमारत, मोठा खर्च आठवतो. तशी संस्था पुण्याला भोसरीत आहे, केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, १९६७ पासूनची. आपल्या तालुक्याला तेवढ्याची गरज नाही. गरज आहे ती दोन दुपारच्या वर्गांची. शिकवायला बाहेरून विद्वान आणू नयेत. आपल्या प्रत्येक मोठ्या गावात एखादा निवृत्त एस.टी. चालक आहे, ज्याने तीस वर्षे हेच घाट चढले-उतरले. त्याच्याइतका गुरू दुसरा मिळणार नाही, आणि पोरे त्याचे ऐकतातही. त्याच्याबरोबर परिवहन कार्यालयाचा एक निरीक्षक, एक मेकॅनिक आणि सरकारी दवाखान्यातले डॉक्टर. डॉक्टरांनी प्रथमोपचार सांगावेत आणि सर्वांचे डोळे तपासावेत. रात्री समोरच्या दिव्याने अंधारी येणारा चालक चष्मा लागला आहे हे कोणाला सांगत नाही, काम जाईल म्हणून.

यात साखर कारखान्यांचा हात मोठा आहे. हंगामापूर्वी वाहतुकीचे करार होतात, उचल दिली जाते. त्याच वेळी करारात एक ओळ घालावी की वर्गाला बसल्याचा दाखला असलेल्या चालकालाच गाडीवर ठेवले जाईल. ज्याच्या हातात पैसा आहे त्याची अट लोक पाळतात. दूध संस्थांनीही टेम्पोचा ठेका देताना तसेच करावे. आत्मा यंत्रणेकडे शेतकरी प्रशिक्षणाची तरतूद असते, कृषी विज्ञान केंद्र बोरगावला आहे. वाहतूक हा काढणीपश्चात तंत्रज्ञानाचाच भाग आहे असे धरले, तर विषय बसवायला अडचण येऊ नये. जानेवारीत रस्ता सुरक्षेचा महिना होतो, पण त्यात शाळेची पोरे फलक घेऊन फेरी काढतात आणि चालक त्या वेळी उसाच्या फडात असतो. आपला वर्ग हंगामाच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास व्हायला हवा.

काही जण म्हणतील, दाखला हा आणखी एक कागद झाला, त्याचेही पैसे खाल्ले जातील. ही शंका खोटी नाही. म्हणून तो दाखला कार्यालयातून न देता गावातच, ग्रामपंचायतीच्या दारात, प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवल्यावर द्यावा. चावडीसमोर चार लोकांदेखत ट्रॉली मागे घेता आली नाही, तर तो दाखला कोण विकत देणार?

सरपंच मंडळींनी येत्या ग्रामसभेत आपल्या गावातील टेम्पो, पिकअप व ट्रॅक्टर चालकांची यादी वाचून घ्यावी. नाव, वय, परवान्याची मुदत, गाडी स्वतःची की मालकाची, एवढे चार रकाने पुरे. ही यादी पंचायत समितीकडे आली म्हणजे कोणत्या बाजूला वर्ग आधी घ्यायचा ते ठरवता येईल. केळघर आणि करहर या दोन ठिकाणी सुरुवात केली, तर घाटावरचे बहुतेक चालक त्यात येतात. वेळ मात्र सकाळची धरू नये. त्या वेळी दुधाच्या गाड्या रस्त्यावर असतात. दुपारी एक ते चार बरी, तेव्हा रिकामे टेम्पो पारापाशी उभे असतात आणि चालक त्यांच्याच सावलीला पाय पसरून बसलेले असतात.